पंधरा इंचांची बैठक

नाही हो गंगारामभाऊ, माप चुकलेलं नाहीये — तुम्ही सकाळी फोनवर म्हणालात ना, वहिनी, माप चुकलंय वाटतं, परत बघून सांगा — म्हणून तर भाट्याहून उठून आले, म्हटलं हे फोनवर समजावण्यातलं नाही. पंधरा इंच. जमिनीपासून बैठकीच्या वरच्या कडेपर्यंत पंधरा. स्वतः टेप लावून घेतलंय, एकदा नाही, दोनदा — काय? पाच फूट दहाच्या माणसाला पंधरा इंच म्हणजे पाटावर बसल्यासारखं? गुडघे नाकाला लागतील? बरं, हसा. हसून घ्या. टेप कुठे लावला म्हणजे? जमिनीपासून गुडघ्यापर्यंत लावला. कुणाच्या म्हणजे कुणाच्या? घरात गुडघे कुणाचे आहेत दुसरे! माझ्याच. हे तिकडे बोटीवर, यांचा गुडघा कुठून आणू मोजायला?

बसते जरा. नको, स्टूल नको, या फोमच्या चळतीवरच टेकते — वजन काय माझं, अठ्ठेचाळीस, तुमचा माल दबायचा नाही. काय उकाडा आहे, बाई! आणि तुमच्या दारावरून ते मिरकरवाडा बंदरावर जाणारे बर्फाचे ट्रक, थंडगार पाणी रस्त्यावर ठिबकवत जातात नि आपण आपले घामात. तर काय सांगत होते — खुर्ची यांची आहे. एकदाच नीट सांगते, म्हणजे तुमचा घोटाळा व्हायचा नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, पहिली मोठी बोट करून आले तेव्हा करून घेतली, सागवानी सांगाडा, आत स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर तपकिरी रेक्झिन. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं होतं खुर्चीला, खरं सांगते, म्हणाल्या माझ्या झिलाची पहिली कमाई. तेव्हापासून घरात ती ‘दीपकची खुर्ची’. कोणी पाव्हणा चुकून बसायला गेला तरी सासूबाई म्हणायच्या, तिथे नको हो, ती दीपकची, तुम्ही इकडे दिवाणावर टेका. मग दीपक कुठे? दीपक समुद्रात. नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरात — सत्तावीस वर्षं असंच. आणि आता येत्या गुरुवारी येतायत, ते कायमचे. बोटी संपल्या. म्हणून तर म्हटलं, खुर्ची नवी करून ठेवू. बुधवारी संध्याकाळी मला घरात हवी, हे सांगितलंय ना मी? सांगितलंय. बरं.

हा फोम कुठला? बत्तीस डेन्सिटीचा. आणि तो करडा? चाळीस. दाबून बघते हां — हा बरा वाटतो, बत्तीसचा, हात आत जातो नि पुन्हा वर येतो. चाळीसचा म्हणजे चिऱ्यावर बसल्यासारखं हो. काय? ऐंशी किलोचा माणूस असेल तर बत्तीसचा सहा महिन्यांत बसणार, खालच्या पट्ट्यांना टेकणार? आणि चाळीसचा पन्नास किलोला म्हणजे फळी. मग मधला घ्या ना एखादा, छत्तीसचा, दोघांनाही — मी दोघांना म्हटलं का? नाही, मला म्हणायचं होतं कुणालाही. कुणीही बसलं तरी. काय म्हणालात? मधल्या फोमवर जड माणूस रुततो नि हलका माणूस टोचत बसतो, म्हणजे दोघंही नाखूश. हे तुमचं बरं आहे, सगळ्याला उत्तर तयार. ती पिशवी द्या इकडे माझी — हा बघा, सावरीचा कापूस आणलाय. केळशीहून. माहेरी परसात सावर आहे, चैत्रात बोंडं फुटली की आंगणभर उडतो, भावजय गोळा करून ठेवते माझ्यासाठी. तो बैठकीत घालता येईल का? नाही, गाठी होतात, ठाऊक आहे मला, उशीच्या होतातच दर दोन वर्षांनी. पण मानेखालच्या गिरदीत तरी घाला. थंड लागतो डोक्याला. दुपारी — दुपारी कोणी डोळा लावलाच तर.

वजन? यांचं? पंच्याहत्तर असेल. ऐंशी धरा. अहो, या खेपेला अकरा महिने झाले बघून, व्हिडिओवर माणूस छातीपर्यंतच दिसतो, त्यात यांचा फोन कायम असा खाली धरलेला, मला सगळी हनुवटीच दिसते. लेकीला विचारलं मी, दर्शनाला, पुण्याला असते ती — गो, बाबांचं वजन किती असेल? तर म्हणते, आई, तू बायको आहेस की मी? मेली जीभ बघा कशी चालते! आणि तुम्ही काय विचारताय — कसे बसतात? कसे बसतात म्हणजे, चार माणसं बसतात तसे. मागे रेलून की पुढे? पाय लांब करून? कुठल्या हातावर भार देतात? याच्यावर पाठीचा उतार ठरतो, हो, समजलं. थांबा, आठवते. जेवताना... जेवताना कडेला टेकून बसतात, दवाखान्यात नंबर लागायचा असल्यासारखे. सासूबाईंच्या दिवसकार्याला मांडी घालून बसले होते, पण ते खाली. खुर्चीत... खुर्चीत बसले की हात कुठे ठेवतात — बाई गो, डोळ्यांसमोर येईना. पेपर वाचताना तर उभेच असतात, पडवीच्या खांबाला टेकून. बोटीवरची सवय असेल. तुम्ही आपलं लिहा, मागे रेलून. लिहा ना. बहुतेक माणसं मागेच रेलतात.

कापडाचं सांगते. निळा नको, निळं पुष्कळ पाहिलंय त्यांनी. मळखाऊ काहीतरी द्या असं मी परवा म्हटलं, पण तो कोपऱ्यातला आहे ना, आंब्याला नवी पालवी फुटते तशा रंगाचा, तांबूस — तो परवापासून मनातून जात नाहीये. आणि बटणं नकोत पाठीला. माहीत आहे, बटणांनी उठाव येतो, पुरुषमाणसाच्या खुर्चीला शोभतात, पण एक पाय पोटाशी घेऊन तिरकं बसलं ना की नेमकं बटण इथे, बरगडीत येतं. आणि केस अडकतात. कडेची पाइपिंग त्याच कापडाची करा. खिळे मात्र पितळी हवेत हां, लोखंडी नकोत, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने वर्षात गंजतात नि कापडाला तांबडे डाग. काय बघताय असे? यांचे केस? नाहीत फारसे. मी आपलं सर्वसाधारण सांगितलं, की केस अडकतात.

हे काय? डबा कसला? आइस्क्रीमचा आणलात मला? — अच्छा, खुर्ची उसवताना बैठकीच्या फटीत सापडलेलं. तुम्ही जपून ठेवता वाटतं गिऱ्हाइकाचं. चांगलं आहे, एकेकजण सरळ केरात टाकतात. बघू. केसांचे आकडे... चार, पाच, सहा. हे दर्शनाचे असतील. नाही, ती कुठे लावते आकडे, तिचे केस कानापर्यंत. काकणाचा तुकडा, हिरवा. चष्म्याचा स्क्रू! अहो, हा मी अख्खं घर झाडून शोधला होता. पेपरमिंटचे कागद — शी! पेन्सिलीचा तुकडा, शब्दकोड्याचा. आणि हे नाणं — हे बघा, हे यांचं! परदेशातलं आहे, वाचता पण येत नाही काय लिहिलंय ते. बघा, सापडलं की नाही यांचंही काही... नाही हो. हे दर्शनाला खेळायला दिलेलं, तिने इथे मांडीवर बसून पाडलं असेल. माझ्या मांडीवर.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. उसवल्यावर काथ्या फक्त डावीकडे दबलेला होता? उजवी बाजू कोरी, नव्यासारखी? आणि खळगा एवढासाच? सत्तावीस वर्षं या खुर्चीत एकच माणूस बसलंय, नि ते ऐंशी किलोचं नाही, असं म्हणताय? तुम्ही डॉक्टर आहात की सोफेवाले?

डाव्या बाजूने पूल दिसतो. खाडीचा. तिरकं बसलं की खिडकीतून सगळा पूल दिसतो, येणारी-जाणारी एसटी, टेम्पो, संध्याकाळी दिवे. म्हणून डावीकडे. झालं समाधान? सासूबाई दुपारी निजल्या की मी बसायचे. त्या उठण्याआधी उठायचे, रेक्झिनवरून हात फिरवून ठेवायचे, दबलेलं वर यावं म्हणून. त्यांना कळत नव्हतं असं नाही, त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. त्या गेल्याला सहा वर्षं झाली, आता घरात मी एकटी — तरी अजून दार वाजलं की मी आधी खुर्चीतून उठते नि मग कडी काढते. गॅसवाला आला तरी! गॅसवाल्याला काय माहीत ती कुणाची आहे! आणि हे यायचे झाले की आदल्या दिवशी माझा चष्मा, कोड्याचा पेपर, पाणी प्यायचा पेला, सगळं उचलून स्वयंपाकघरात नेते. खुर्ची पुसून, वर यांचा धुतलेला टॉवेल घडी करून ठेवते. आणि मग ऐका गंमत — हे येतात, बघतात, आणि पडवीत जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. बसा ना तुमच्या खुर्चीत, मी म्हणते. बसेन गो, म्हणतात. तीन महिने मी स्वयंपाकघरात स्टुलावर, हे पडवीत, आणि मधल्या खोलीत ती खुर्ची टॉवेल घेऊन रिकामी. असे तीन-तीन महिने, सत्तावीस वेळा. हसा ना. आता का नाही हसत?

एकदाच बसले नीट. सहा वर्षांपूर्वी, सासूबाईंच्या दिवसांना आले होते तेव्हा, सगळी माणसं पांगल्यावर. मी बसले होते, यांची चाहूल लागली तशी ताडकन उठले. हे बसले, नि म्हणाले, गरम आहे. मग वर बघून म्हणाले, मथुरा, तू कशाला उठलीस गो? आणि मी काय म्हणाले असेन? म्हटलं, मी कुठे उठले, मी बसलेच नव्हते. तोंडावर. बूड टेकलेली जागा गरम, मी समोर उभी, आणि म्हणते बसलेच नव्हते. तसे हे उठले. म्हणाले, जाऊन येतो जरा नाक्यावर. परत कधी त्या खुर्चीला हात लावला नाही. मला वाटलं, खुर्ची आवडत नाही, जुनी झालीय, स्प्रिंगा टोचतात. म्हणून तर तुमच्याकडे आणली! नवीन फोम घातला, नवं कापड घातलं, की बसतील — हे इतकी वर्षं डोक्यात धरून बसले होते मी... बसले होते कसली, उभीच होते.

त्यांनी मला विचारलं होतं हो. माणसाने सरळ विचारलं होतं.

पाणी द्या थोडं. हं.

आता तीन महिन्यांचा प्रश्न नाही ना. गुरुवारपासून रोजचं आहे. मरेपर्यंत मी स्टुलावर नि ते पडवीत? टॉवेलला बसवायचं खुर्चीत? छे. मग काय करायचं म्हणता? ऐंशीची करायची, चाळीसचा फोम, अठरा इंच उंच, बटणंबिटणं — ते बसणार नाहीत ते नाहीतच, आणि मी बसले तर पाय लोंबकळणार. नाहीतर... नाही, पण लोक काय म्हणतील, नवरा जन्मभराचा दमून आला नि ही बया खुर्ची अडवून बसलीय. लोक म्हणजे कोण? गॅसवाला! आता तुम्हीच बोला काहीतरी, मघापासून मीच बडबडतेय. काय म्हणालात? त्यांची दुसरी करता येईल? सांगाडा तुमच्याकडे आहे? पण माप मी देणार नाही त्यांचं. मला ठाऊक नाही ते कसे बसतात, हे आता एकदा बोलून टाकलं. शुक्रवारी त्यांनाच पाठवते. इथे या चळतीवर बसवा, गुडघ्याला टेप लावा, विचारा हात कुठे ठेवता, मागे रेलता की पुढे. मीही येईन बरोबर. बघायला.

आणि ही पंधराचीच. लिहा. बत्तीसचा फोम, डावी बाजू भक्कम करा, माझा भार तिकडे पडतो. वजन अठ्ठेचाळीस. पालवीचं कापड, बटणं नाहीत. मागची गिरदी सावरीची. गुरुवारी दुपारपर्यंत ते पोचतील, दार मी आधीच उघडं ठेवते, कडी काढायला उठायला नको. पिशव्या आणतील आत, बघतील मला. म्हणतील काहीतरी. मी उठणार नाही. पेला त्यांना आतून घ्यावा लागेल, घेऊ दे — म्हणजे पाणी मी आधी समोर ठेवीन हो, एवढी काही मी... पण उठणार नाही. की उठू? पहिल्या दिवशी तरी — नाही. नाही. पहिल्या दिवशी उठले की संपलं.

कापा. नाही, उद्या नाही, आत्ता, माझ्यासमोर. मी आहे तोवर कापा, एकदा कापलेला फोम काही वाढत नाही. हं. तिथून. पंधराच ना? पट्टे धरून पंधरा? बरं. चालू द्या तुमचं, मी निघते, चारची एसटी आहे. आणि गंगारामभाऊ — आज रात्री किंवा उद्या सकाळी माझा फोन आला ना, तर उचलू नका.