यादोराव एक, गावं दोन

...आणि वर मलाच म्हणतात, "मास्तर, इतकं डोकं कायले लावता जी? कोण कुठं जाते, एवढंच तं लिहाचं आहे!" एवढंच! हे कोण म्हणतं? आमच्या सिहोऱ्याच्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष, दादाजी, ज्यांना स्वतःची चप्पल कुठल्या देवळासमोर राहिली ते चार दिवस आठवत नाही!

तुम्हाला सांगतो, मंडळाचा व्यवस्थापक होण्यापेक्षा माणसानं बैल व्हावं, निदान एका वेळी एकाच गाडीला जुंपतात! आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि नाटक नाही ती मंडई कसली? आमची नाटकं दोन, बोलावणारी गावं ढीगभर, पेटीमास्तर मोजून दोन आणि यादोराव? यादोराव एक! या नाटकात तोच, त्या नाटकात तोच, कारण तिसऱ्या अंकात मेलेल्या बायकोजवळ बसून धाय मोकलून रडणारा दुसरा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत नाही. आता कोणतं नाटक कुठं, कोणता नट कुठं, पडदे कुठं, हे सगळं एका नजरेत दिसावं, बस! मला काय लागत होतं? साधंसुधं काहीतरी!

आधी वाण्यानं दिलेलं कॅलेंडर घेतलं. त्याच्या चौकोनात एकादशी, चंद्रोदय आणि दूधवाल्याचा खाडा, यातून उरलेल्या जागेत यादोराव मावला तर पेटीमास्तर बाहेर!

मग दादाजींचे जावई म्हणाले, "आमच्या खाणीच्या ऑफिसात या, भिंतभर तक्ता आहे." गेलो. धक्के खात एस.टी.नं गेलो हो! काय तो तक्ता! हिरव्या टाचण्या, लाल टाचण्या, वरून काच, काचेला कुलूप! मी विचारलं, "ही लाल टाचणी म्हणजे काय?" तर जावई म्हणतात, "ते बाबूला माहीत, आणि बाबू रजेवर आहे." घ्या! म्हणजे माणसं सांभाळायला तक्ता, आणि तक्ता सांभाळायला पुन्हा माणूस! माणूस चंद्रावर जाऊन आला त्यालाही आता दहा वर्षं होतील, आणि मला काय लागत होतं? साधंसुधं काहीतरी!

मग सूप घेतलं. हसू नका! सुपात खडूनं गोल काढले, एक गोल म्हणजे एक गाव. यादोराव म्हणजे चिंचोका, पेटीमास्तर म्हणजे फुटाणा, तबलजी म्हणजे तुरीचा दाणा. आणि काय सांगू, जमलं! चिंचोका एकच, तो दोन गोलांत बसेलच कसा? मी इतका खूश झालो की दादाजींना हाक मारली, "या, बघा!" ते आले, ओट्यावर टेकले, "वा मास्तर, वा!" म्हणाले आणि बोलता बोलता दोन्ही पेटीमास्तर खाऊन बसले! तोवर कोंबडी आली आणि तिनं तबलजी उचलला...

शेवटी भिंत धरली. माजघराची भिंत, चुलीतला कोळसा, आडव्या ओळीत गावं, उभ्या ओळीत माणसं, रेघा अशा सरळ की शाळेच्या फळ्यावर मी तेवढ्या कधी मारल्या नाहीत. आठ दिवस मी सुखात होतो. नवव्या दिवशी शाळेतून येतो तर भिंत पांढरीशुभ्र! निर्मलाबाई, म्हणजे माझी थोरली बहीण, हल्ली घर तीच बघते, चुन्याची बादली घेऊन उभी. "कोळशानं कायचं कायचं लिहून होतं बापा भिंतीवर! दिवाळीच्या तोंडावर बरं दिसते का? दोन हात मारले." चूक कोणाची? दिवाळीला घरं पोततात हे ज्याला आयुष्यभर माहीत आहे आणि तरी जो भिंतीवर लिहितो, त्याची!

आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षं कसं चाललं? चाललं हो. आमची ही होती ना तोवर. तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणायची, "काहो, करडीची अन् नाकाडोंगरीची मंडई यंदा एकाच दिवशी येते ना जी? यादोरावले कुठं धाडता?" झालं! ना तक्ता, ना टाचणी. मला वाटायचं, मीच हुशार. ज्येष्ठात गेली ती. असो.

तर मी सगळं आठवून पुन्हा मांडलं, फक्त याच दोन मंडया यंदाही एका दिवशी येतात तेवढं राहून गेलं. आणि मंडईच्या सकाळी करडीचे सोमाजी सायकलवरून हजर. "यादोरावले न्याले आलो." मी म्हटलं, "तो तर पहाटेच्या गाडीनं नाकाडोंगरीला गेला!" सोमाजी सायकल भिंतीला टेकवून शांतपणे म्हणाले, "यादोराव नाही तं नाही जी, पण रडणं झालं पाहिजेन. आमच्या गावच्या बाया त्या रडण्यासाठीच येतात. रडणं नाही झालं तं काल गाडीनं आलेली तुमची पेटी, तबला, पडदे, सारं आमच्या चावडीत राहीन." म्हणजे मंडळ बंद! मी ओट्यावर बसलेल्या दादाजींकडे पाहिलं, तर ते म्हणतात, "मास्तर, तुम्ही पडद्यामागून नटायले सारं सांगताच ना? आज पुढून सांगा!"

तिसरा अंक. गॅसबत्ती सूं-सूं करतेय, समोर सगळी करडी बसलेली, आणि माझ्यापुढे लुगडं नेसून बायको म्हणून मेलेला आमचा नट तुलाराम, तोंडात तंबाखू तशीच! ते पानभर भाषण मला झोपेत पाठ आहे. मी खाली बसलो, तोंड उघडलं... आणि एक शब्द आठवेना. एकसुद्धा! मेलेला तुलाराम ओठ न हलवता म्हणतो, "मास्तर, विसरले का? मी सांगू का?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, निदान यादोरावला कुठं पाठवू तेवढं तरी सांगून जायचं!"

नाटकात असं वाक्य नाही हो! यादोराव म्हणून कोणी पात्रच नाही! पण पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी रडत होतो एवढं खरं. समोर बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, सोमाजी उपरण्यानं नाक पुसत होते, तुलाराम लाकडासारखा गप्प पडला होता. आणि मग मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" सगळी करडी ओरडली, "वन्स मोर!" काय करता? पुन्हा बसलो. पुन्हा रडलो. दुसऱ्यांदा तर, तुम्हाला सांगतो, जास्तच सोपं गेलं.

पडदे परत आले, मंडळ वाचलं. आणि आज सकाळपासून ओट्यावर दोन गावची माणसं बसलीत. दोघांनाही यादोराव नको. "आमाले ते रडणारे मास्तर पाहिजेन जी!" दोन्ही मंडया एकाच दिवशी. मी दोघांनाही हो म्हणून टाकलं. नाही म्हणायचं, तर आधी घरात कोणाला तरी विचारावं लागतं हो...