लादी ओली हाये!

…आनि वर मलाच म्हनते, "भिमाबाई, राग मानू नका हं, तब्येतीसाठी करतेय मी!" राग मानू नका! बारा वर्षं, तुमाला सांगते, बारा वर्षं ज्या घराची लादी पुसली, त्या घरातून मला काढलं ते कशानं? चोरी केली? न्हाई. खाडे केले? न्हाई. कप फोडला? बरं, एक फोडला, पन तो आधीच तडकलेला होता… मला काढलं मोबाईलनं! कुन्या बयेनं मोबाईलमधनं सांगितलं म्हने, जिमला कशाला जाता, घरची कामं करा, झाडू मारा, लादी पुसा, वजन आपोआप उतरतं! झालं! आमची क्षिप्रा मॅडम, घणसोलीतल्या टॉवरमधली, अकराव्या मजल्यावरची, तिनं जिम पन सोडलं आनि मला पन सोडलं! आता तुमीच सांगा, वजन वाढलं तिचं, आनि काम सुटलं माझं!

माझी लेक संघप्रिया कॉलेजात हाये, ती हसायलाच लागली. म्हनते, "आई, तू तर बारा वर्षं एक्सरसाइजच करतेस की, मंग तुझं वजन का न्हाई उतरलं?" म्हनलं, बये, उतरायला आधी चढावं लागतं! आनि दात काढू नको, तुझी फी त्याच लादीतून निघते… निघत होती. तेव्हा मातर पोरगी पुस्तक मिटून बसली. आनि ते पुस्तक मिटलं ना, तेव्हा माझं डोकं फिरलं! म्हनलं, थांब मॅडम. तुझं वजन मी उतरवते!

शेवटच्या दिवशी बघते तर मॅडम तयार! अंगाला चिकटलेली काळी पँट, कपाळाला पट्टा, हातात दांड्याचा मॉप. "भिमाबाई, जाता जाता मला टेक्निक दाखवा ना!" टेक्निक! बारा वर्षं मी आपली समजत होते, पोचा मारते म्हनून! म्हनलं, "छे छे मॅडम, उभ्यानं पुसून कुनाचं पोट गेलंय का? उकिडवं बसा!" बसली. कलंडली. परत बसली. "आता?" म्हनलं, "आता दारापासून सुरू करा आनि पुढं पुढं जा, पार बाल्कनीपर्यंत."

बघा, तुमच्यातल्या ज्यांनी जन्मात एकदा तरी लादी पुसलीय, त्या हसल्या. बाकीचे बघा कसे बसलेत! अवो, दारातून आत लादी कोन पुसतं का? आतल्या कोपऱ्यातून सुरू करायचं आनि मागं मागं सरकत दाराशी यायचं! आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोराला कळतं हे! पन जिच्या घरात लादी आपोआप पुसली जाते, तिला कसं कळावं? वजन वाढलं तिचं, काम सुटलं माझं, आनि वर अक्कल पन मीच द्यायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन. मी त्याच बिल्डिंगमधे, चौथ्या मजल्यावर जाईताईंची भांडी घासत होते. आवाज कसा, तर मांजर पिंपात पडल्यावानी, "भिमाबाईऽऽ… मी अडकले!" हात धुतले नि गेले वर, लिफ्टनं. जिन्यानं कुठं जाता, जिन्यावर हल्ली मॅडमांची गर्दी! आमी जिना चढलो तर आमाला धाप लागते, ह्या चढल्या तर तो कार्डिओ!

दार उघडंच होतं, लादी सुकावी म्हनून. आत बघते तर… आहाहा! सगळा हॉल ओला चकचकीत, आनि पार तिकडं, सोफ्याच्या मागं, बाल्कनीच्या कोपऱ्यात मॅडम उकिडवी! मागं भिंत, पुढं पानी, गुडघे धरलेले, उठता येईना! "भिमाबाई, या ना आत, हात द्या!"

आता ऐका. बारा वर्षं लादी पुसून झाली, की दाराशी येऊन माझ्या ध्यानात यायचं, पिशवी आतच राह्यली. पाय टाकला रे टाकला, की सोफ्यावरून आवाज, "भिमाबाई, लादी ओली आहे, पाय उमटतील!" मीच पुसलेली लादी, माझेच पाय! मी काय केलं, चपला काढल्या, उंबऱ्यावर बसले, पदर नीट केला आनि म्हनलं, "मॅडम, लादी ओली हाये. पाय उमटतील."

"अहो, उमटू देत!"

"असं कसं? तुमची मेहनत हाये."

"निदान पंखा तरी लावा!"

"बटन आत हाये, मॅडम."

अर्धा तास! गार गार वाटलं हो मला! शेवटी रडकुंडीला आली, "भिमाबाई, उद्यापासून परत या! नक्की या!" तेव्हा उठले, हात दिला.

जिंकले ना मी? थांबा! संध्याकाळी ती काट्यावर उभी राह्यली, तर दीड किलो कमी! घामानं म्हना, भीतीनं म्हना. दुसऱ्या दिवशी म्हनते, "हीच टेक्निक, भिमाबाई! पगार तोच, पण पुसणार मी. तुम्ही सोफ्यावर बसून फक्त ओरडायचं!"

बसले! बारा वर्षं झटकलेल्या सोफ्यावर पयल्यांदा टेकले, आनि ओरडले, मन भरून ओरडले! "कोपरा राह्यला! तो डाग कोन पुसनार, तुमचा साहेब? कंबर हलवा!" ती आपली "यस, यस" करते, खूश! वजन उतरतंय तिचं, पगार मिळतोय मला, अजून काय पायजे मानसाला?

पन मेले माझे डोळे! ती पुसते कशी? वरवर! सोफ्याखाली फडकं जात न्हाई, बादलीतलं पानी बदलत न्हाई, लादीवर पट्टेच पट्टे! दोन दिवस दात-ओठ खात बसले. म्हनलं, राहू दे घान, घर तिचं, आपलं काय जातंय? तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली, बाथरूमची कडी वाजली, आनि माझं मलाच कळलं न्हाई, मी फडकं पिळलं, आतल्या कोपऱ्यात उकिडवी बसले नि मागं मागं सरकत…

आता रोजचंच झालंय. आधी ती पुसते, मी ओरडते. मंग ती आंघोळीला जाते, मी पुसते. वजन उतरतं तिचं, कंबर जाते माझी! आनि बाहेर येऊन, केस पुसत पुसत, ती मैत्रिनीला फोन लावते, माझ्यासमोर, "अगं, वजन तर उतरलंच, पण लादी बघ ना माझी! भिमाबाईंना बारा वर्षांत इतकी छान कधी जमली नव्हती!"