वर पाठवलं

(केंटकीच्या डोंगरातल्या एका काउंटी कोर्टाचा तळमजला. खिडकीच्या आत दप्तर सांभाळणाऱ्या ऑर्फा मेसर, बाहेर साठीची लुवीना ब्रॅनम. सकाळ.)

लुवीना: पण वर पाठवलं म्हणजे कुठं पाठवलं?

ऑर्फा: वर म्हणजे वर, बाई. माडीवर. फेलनी, म्हणजे मोठा गुन्हा, खालच्या कोर्टात निकालात निघत नाही. खालचा जज्ज बघतो, दम आहे वाटलं तर वरच्या ग्रँड ज्युरीकडे पाठवतो. बारा पंच बसतात आणि खटला चालवायचा की नाही ते ठरवतात.

लुवीना: मग पंचांनी काय ठरवलं ते या कागदावर का नाही?

ऑर्फा: कारण हा कागद कॉम्प्युटरनं ओकलाय. त्याला खालचंच ठाऊक. अठ्ठ्याऐंशी सालचं वरचं दप्तर अजून वह्यांत आहे. राजधानीत बसून कुणीही बटण दाबलं की एवढंच दिसतं: डॉयल ब्रॅनम, मारहाण, मोठा गुन्हा, वर पाठवलं. छत्तीस वर्षं माणूस वरच लटकलाय. तुमचे कोण हे?

लुवीना: नवरा. बालकल्याणच्या बाई म्हणाल्या, याचा शेवट काय झाला ते काउंटीतून लिहून आणा, नाहीतर पोर तुमच्या घरी देता येणार नाही. शुक्रवारी तारीख आहे.

ऑर्फा: पोर कुणाची?

लुवीना: नात माझी. एम्री. सहा वर्षांची आहे. लेक नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली, आता व्यसनमुक्ती केंद्रात आहे. पोरीला दोन तासांवर परक्यांच्या घरी ठेवलंय. फोन केला तर बोलत नाही हो ती. नुसता श्वास ऐकू येतो. मी पण मग तशीच फोन धरून बसते.

ऑर्फा: थांबा. वही काढते.

डॉयल: सापडलं का गं? पाऊण तास झाला, ट्रक रस्त्यात उभा आहे. मिस ऑर्फा, हिला काही विचारत बसू नका, हिला काल काय जेवलो ते आठवत नाही.

ऑर्फा: तुम्हीच का ते लटकलेले?

डॉयल: मीच! अहो, काय ते प्रकरण! पोरवय होतं. दुकानाच्या ओट्यावर एकानं माझ्या शिकारी कुत्र्याला नावं ठेवली. चार ठोसे दिले, चार खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर मासे धरायला. राईचा पर्वत केलाय लोकांनी.

ऑर्फा: कुत्र्यावरून इथं माणसं निवडणूक हरलीत, तुमचं काय घेऊन बसलात. गाडीत बसा, सापडलं की सांगते.

डॉयल: मला नात घरी हवी, मिस ऑर्फा. ओसरीला झोका टांगून ठेवलाय मी. काय गं, फोन वाजतोय तुझा? दे इकडे. तुझी बहीणच असणार, तिला दुसरा उद्योग नाही. मी बोलतो तिच्याशी. आणि लवकर आटप.

लुवीना: हो.

ऑर्फा: गोड बोलतात हं तुमचे यजमान.

लुवीना: सगळे असंच म्हणतात.

ऑर्फा: ब्रॅनम... ब्रॅनम नाही इथं. ब्रॅनहॅम बघू. जुने कारकून जसं ऐकू येईल तसं लिहायचे. एका घरातले चार भाऊ चार आडनावांनी सापडतात मला. हं, हा बघा! डॉयल ब्रॅनहॅम. अठ्ठावीस मार्च. ‘खटला चालवू नये.’ सुटलात तुम्ही, बाई! आरोपच ठेवला नाही पंचांनी. याची नक्कल काढते, शिक्का मारते, शुक्रवारी टेबलावर ठेवायची. पोर घरी.

लुवीना: नक्की घरी?

ऑर्फा: याच्यासाठीच अडलं असेल तर अडायला आता काही उरलं नाही. पुढं कारण लिहिलंय, ‘फिर्यादी हजर नाही.’ अरेच्चा, हे तर माझंच अक्षर! नवी लागले होते तेव्हा. आणि हे पाठीला टाचलेलं काय? खालची फिर्याद दिसतेय.

लुवीना: ती राहू द्या. एक पान पुरे.

ऑर्फा: ‘...चुलीतली सळई घेऊन...’ कुत्र्याच्या भांडणात चूल कुठून आली?

लुवीना: राहू द्या म्हटलं ना.

ऑर्फा: ‘ठिकाण, स्वयंपाकघर. फिर्यादी, एल. साइझमोर, वय चोवीस.’

लुवीना: लुवीना. माहेरची साइझमोर मी.

ऑर्फा: म्हणजे ही फिर्याद तुझी?

लुवीना: चार मार्चला फिर्याद दिली. या खिडकीत. एकोणीसला त्या समोरच्या खिडकीत लग्नाचा परवाना काढला. आई म्हणाली, पोटात पोर आहे, बापाला तुरुंगात घालून खाशील काय? खरंच होतं तिचं. मला तरी तेव्हा खरं वाटलं.

ऑर्फा: म्हणून तू पंचांपुढं गेलीच नाहीस.

लुवीना: आले होते की. जिन्यापर्यंत आले होते. पहिल्या पायरीवर हा बसलेला, हातात फुलं. म्हणाला, वर गेलीस तर परत खाली माझ्याकडे येऊ नकोस. हसून म्हणाला. मी फुलं घेतली.

ऑर्फा: आणि मी वर बसून लिहिलं, फिर्यादी हजर नाही. लिहिलं आणि जेवायला गेले. खाली डोकावून बघितलं नाही गं मी.

लुवीना: तुम्हाला काय माहीत.

ऑर्फा: आता कसा आहे?

लुवीना: दारू सोडली बारा वर्षांमागं. चर्चमध्ये दानाची ताटली फिरवतो. लोक म्हणतात, ब्रॅनमसारखा माणूस...

ऑर्फा: लोकांचं नाही विचारत मी.

लुवीना: उन्हाळ्यात एम्री आली होती आठ दिवस. तिच्या हातून दूध सांडलं. त्यानं काही केलं नाही, देवाशपथ नाही. नुसता खुर्ची मागं सारून उठला. पोर टेबलाखाली! तिला कुणी शिकवलं सांगा? तिची आई तिथंच बसायची. टेबलाच्या त्याच पायाला मिठी मारून. मी खाली वाकून बघितलं, मला कळेना ही लेक की नात.

ऑर्फा: आणि तुला?

लुवीना: गेल्या महिन्यात गळा धरला. लगेच सोडला. म्हणाला, बघ, सोडला की नाही?

ऑर्फा: हं.

लुवीना: मी काय करू, मिस ऑर्फा?

ऑर्फा: ते मला सांगता येत नाही. ती पाटी वाच. ‘कर्मचारी कायद्याचा सल्ला देणार नाहीत.’ दिला तर नोकरी जाते. कुठला कागद कुठं असतो एवढंच सांगायचं, तेही कुणी विचारलं तर.

लुवीना: मग काय विचारू?

ऑर्फा: अगं, तेच तर सांगता येत नाही! ... त्या कोपऱ्यात निळे कागद आहेत. येणारे-जाणारे विचारतात बुवा, हे कशाचे म्हणून.

लुवीना: ते निळे कागद कशाचे, मिस ऑर्फा?

ऑर्फा: घरातल्या माणसापासून संरक्षण मागायचे. पैसे पडत नाहीत. जज्ज आजच्या आज बघतात. मान्य केलं तर शेरीफचे पोलीस त्याला दूर राहायचा हुकूम बजावतात.

लुवीना: आणि बहिणीकडे राहून पोर मागायची असेल तर?

ऑर्फा: हा झाला सल्ला.

लुवीना: बरं. पत्ता बदलायचा कागद कुठं असतो?

ऑर्फा: आता कशी! तो बालकल्याणच्या बाईंकडे. त्यांचा नंबर त्या पाटीखाली आहे. माझा फोन घे, तुझा बाहेर गेलाय.

लुवीना: ते एक पान नेलं तर पोर शुक्रवारी घरी येते. हे निळं भरलं तर कदाचित परक्यांकडेच राहील. ती मला विसरेल हो.

ऑर्फा: राहील कदाचित. खोटं कशाला सांगू?

डॉयल: काय चाललंय काय? एक ओळ शोधायला बाराखडी शिकताय का दोघी?

ऑर्फा: आडनावाचा घोळ निघाला. सही लागणार हिची.

डॉयल: मी करतो की सही.

ऑर्फा: तिचीच लागते.

डॉयल: लुवीना, चल गाडीत. दुपारनंतर येऊ.

लुवीना: तू हो पुढं. मला लिहायचंय.

डॉयल: काय लिहायचंय तुला?

लुवीना: नाव.

डॉयल: दहा मिनिटं. मग मी स्वतः आत येतो.

ऑर्फा: दाराशी आमचा शिपाई बसलाय ना, त्याच्याशी बोला तोवर. त्यालाही कुत्र्यांची फार हौस. मी त्याला सांगते तुम्हाला आत सोडू नको... म्हणजे, गप्पा अर्धवट सोडू नको म्हणून.

लुवीना: गेला?

ऑर्फा: गेला. हे घे पेन. घाई करू नकोस, दहा मिनिटं त्याची. माझं घड्याळ वेगळं आहे.

लुवीना: सगळं लिहायचं? पहिल्यापासून?

ऑर्फा: गळा धरला ते आधी लिही. मग मागं जा, जमेल तेवढं.

लुवीना: आडनाव कुठलं घालू?

ऑर्फा: कुणी हाक मारली तर ज्याला ओ देशील ते.

लुवीना: ... झालं. अक्षर वाकडंतिकडं आलंय.

ऑर्फा: वाचता येतंय मला. आता शपथ घ्यायची, लिहिलं ते खरं म्हणून. उजवा हात वर कर.

लुवीना: हा खांद्याच्या वर जात नाही, मिस ऑर्फा. ती सळई बसली तेव्हापासून.

ऑर्फा: जाईल तेवढा कर.