आमच्या चाळणीत अडकलेली नम्र विनंती

समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या संस्थेचे सचिव माननीय मोहनराव, प्रात्यक्षिक परीक्षेचे परीक्षक म्हणून आलेले आणि आग्रहाखातर थांबलेले अमरसिंह सर, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी आणि विद्यार्थ्यांनो,

निवृत्त होणाऱ्याचं कौतुक करायची आपली रीतच आहे. आज बहुतेक वक्त्यांनी मी कॉलेजच्या ई-मेलसाठी बनवलेल्या चाळणीचा गौरव केला. लॉटरीच्या, कर्जाच्या फसव्या मेलचा कचरा तिनं थांबवला, हे खरं. पण शाल अंगावर पडली तेव्हा मला लाज वाटत होती.

ही चाळणी संभाव्यतेवर चालते. एखादा शब्द कचऱ्यात किती वेळा येतो, कामाच्या पत्रांत किती वेळा, आणि मुळात कचरा किती येतो, यावरून ती अंदाज बांधते. पण कचरा कशाला म्हणायचं, हे तिला कोण शिकवतं? आपणच. विद्यार्थ्याचं पत्र आलं, उत्तर द्यायचा कंटाळा आला, की ऑफिसात दाबलं ‘नको’चं बटण. चाळणी हुशार, ती शिकली. ‘उपरोक्त विषयान्वये’ दिसलं की आत, ‘नम्र विनंती’ दिसली की कचऱ्यात.

परवा चकलांब्याची खुशनुमा माझ्याकडे आली. माझ्याच विषयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला ती गैरहजर होती. म्हणाली, “सर, अम्मीचं आपरेशन होतं. आधीच मेल केलता की मी, तीनदा.”

मी म्हणालो, “आला असता तर दिसला असता.”

“खोटं कावून बोलू, सर?” एवढंच म्हणून ती गेली.

वर्गात मी जन्मभर सांगत आलो, की सुरुवातीलाच कुठलीही शक्यता शून्य धरू नका. मग पुरावा कितीही येवो, गुणाकार शून्यच राहतो. आणि त्या पोरीच्या खरेपणाला मीच शून्य धरलं. आज सकाळी कॉलेजच्या मेलचा पासवर्ड सोपवण्याआधी कचऱ्याची पेटी उघडली. तिन्ही मेल तिथंच होते. शेवटच्यात तिनं लिहिलं होतं, ‘वारंवार त्रास देते, माफ करा.’

मी लगेच फोन केला. ती आणि तिचे अब्बा कलीमभाई फळांचा गाडा बंद ठेवून आलेत, मागच्या रांगेत बसलेत. खुशनुमा, बेटा, तू खरं बोलत होतीस. मी चुकलो.

अध्यक्षमहाराज, गुण आज संध्याकाळी विद्यापीठाकडे जातात. ते गेले की तिचं वर्ष गेलं. परीक्षक आपल्या शेजारी बसलेत, प्रयोगशाळेची किल्ली अजून माझ्याच खिशात आहे. आपण हो म्हणालात तर जेवणाआधी परीक्षा होईल.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. या पोरीच्या बाबतीत झालं ते मात्र घालू नका. मी इथंच थांबतो, अध्यक्षमहाराज. आपण परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.