श्रीच्या जागी प्रश्नचिन्हं

अजूनही आठवलं की डोकं फिरते माहं! सिंदी मेघेत माहं सायबर कॅफे होतं तवाची गोष्ट. कॉम्प्युटर हळू चालून राह्यले म्हणून दुरुस्तीवाल्याले बोलावलं. प्रोग्राम ज्या दारातून एकमेकांशी बोलतात, त्याले सॉकेट म्हणतात. त्यानं त्या दारांची यादी स्क्रीनवर काढली, तं एका दाराच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

"ताई, कोणीतरी आत घुसलं. सगळं पुसावं लागन."

सगळं? माह्या पोरीनं रात्रंदिवस खपून लिहिलेला प्रिंटिंगचा प्रोग्राम त्यातच होता, दुसरीकडं कुठंच नाई! मी पोरीले हाक मारली.

ती म्हणे, "आई, ते माह्याच प्रोग्रामचं दार हाय. कोऱ्या वहीवर पहिले श्री लिहितो ना, तसं मी त्याले 'श्री' नाव देल्लं. याच्या यादीले मराठी अक्षर दाखवताच येत नाई."

मी त्याच्यावर कडाडली, "म्हणजे श्री लिहिलं तं माही पोरगी चोर?"

तो उलटा मलेच शिकवते, "मग नाव इंग्रजीत ठेवाचं ना, ताई!"

"काऊन? घर माहं, दार माहं, अन् पाटी तुमच्या मर्जीची?"