जीपवाल्याची पकड

चष्म्याच्या नंबराचं माझ्यासमोर नावच काढू नका. दारव्ह्याच्या एका दवाखान्यात मी लॅब सांभाळत होती. एक जीपवाला थंडी-ताप घेऊन आला. त्याच्या रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली पाह्यली तं मलेरियाचे जंतू साफ दिसले. डॉक्टरसाहेबाले बोलावलं. साहेब काही फोकसच्या स्क्रूले हात लावत नसत. डोळा लावला अन् म्हणतात, "इथं तं निस्तं धुकं हाय." पुन्हा फोकस जुळवून बोलावलं, पुन्हा धुकं!

"बाई, चष्म्याचा नंबर तपासा," म्हणे, "अन् रिपोर्ट निगेटिव्ह लिहा."

माझं डोकंच फिरलं. फोकस जुळवला अन् दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती आत पाह्यत बसली. तं चित्र आपोआप पुसट होऊन राह्यलं! म्हणजे काच ठेवाचं स्टेज आपल्याच वजनानं खाली सरकत होतं. मोठ्या स्क्रूच्या मागं त्याले धरून ठेवणारं कडं असते, ते ढिलं झालं होतं.

जीपवाला बाकावर कुडकुडत होता. म्हटलं, "भाऊ, जीपमंदी पकड हाय का?"

गडी तशाच तापात उठला, पकड आणली अन् कडं त्यानंच आवळलं. मी फोकस जुळवला अन् साहेबाले निरोप धाडला. ते अख्खा चहा पिऊन आले, तरी चित्र जागचं हललं नाही. साहेब वाकले अन् डोळा लावला.

मागून जीपवाला विचारते, "दिसलं का साहेब?"

"दिसलं. मलेरिया हाय तुले."

गडी छाती फुगवून म्हणते, "दिसनच ना! पकड कोणाची होती?"