खडूची रेघ

हसणार नसाल तर सांगते. पप्पांना डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायला जुनी फोर बाय फोर जीप हवी होती. चाकणला एक पसंत पडली, तेव्हा ती बघायला त्यांनी मलाही नेलं. परक्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

"साहेब, चारी चाकं ओढतात. भिंत चढंल ही!" विकणारे काका म्हणाले.

पप्पांनी मला पुढच्या दोन्ही चाकांवर खडूने रेघ मारायला सांगितली. "ती फिरते का, तेवढं बघ," म्हणत त्यांनी जीप काकांच्या अंगणामागच्या चिखलात घातली, फोर बाय फोरचा दांडा ओढला आणि रेस दिली. मागची चाकं चिखल उडवत गरगरली. पुढच्या रेघा होत्या तिथेच.

"फिरतायत, फिरतायत!" काका ओरडले.

पप्पांचा चेहरा खुलला. मीही हो म्हटलं तर ते ही जीप घेणार आणि कुठेतरी चढावर अडकणार.

"अगं, सांग ना! फिरतायत का?" पप्पांनी जीपमधून विचारलं.

"नाही," मी कशीबशी म्हणाले.

पप्पांनी गाडी बंद करून किल्ली काकांच्या हातात दिली.

"साहेब, एवढीशी पोर. तिला काय कळतंय गाडीतलं?"

"नसेल कळत," पप्पा म्हणाले, "पण सकाळपासून ती आत्ता पहिल्यांदा बोललीये."